गयाच्या नावाचा सत्कार

१६ फेब्रुवारी, रविवार

गया, तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतेस? राजारामरावांचा खोकला उतरला का? बिडी सोडली म्हणतात, पण फोनवर बोलताना मागून काडी ओढल्याचा आवाज मला येतो, त्यांना सांग. धाकटीची कंबर बाळंतपणानंतर भरून आली का, आणि बाळ अंग धरतंय का? सासूबाईंना आता दिसतं का काही, की अजून दारातल्या कुत्र्यालाच नातवाच्या नावाने हाका मारतात? मी बरी आहे. साखर जरा वर गेली होती, चहा बिनसाखरेचा केला तर खाली आली. चहाची मात्र पार चव गेली.

तू हे वाचणार नाहीस, मला माहीत आहे. वही माझी आहे आणि माझ्याच पेटीत राहणार. पण समोर कोणी बसल्याशिवाय मला लिहिता येत नाही. शाळा आपल्या दोघींच्या वाट्याला चौथीपुढे आली नाही. विहाराच्या फळ्यावर सूचना लिहून लिहून माझं अक्षर वळलं, आणि सूचना कोणाला तरी उद्देशूनच असते. म्हणून तुला समोर बसवते. फोनवर तुझ्या शेजारी कायम कोणीतरी असतं, दोन शब्द मनातले निघत नाहीत.

आमचं फडक्यांचं काम चालू आहे. माझ्या पुढच्या खोलीत चार मशीन, सहा बायका. गिरणीच्या कापडाचे तुकडे येतात, आम्ही ते कापतो, चारी बाजूंनी मुडपून शिवतो, कोपऱ्यात अडकवायला लाल दोऱ्याची फासोटी करतो. धोंडिराम टेम्पोवाला गठ्ठे नेतो, 'सुगंध' नावाच्या पार्टीला देतो, पार्टी कुठल्या कुठल्या ऑफिसांना पुरवते. ही पार्टी तुझ्या प्रितमनेच शोधून दिली, तुला ठाऊकच आहे. घाटकोपरात सगळ्यांना सांगत असते मी, भाचा असावा तर असा.

आज शीतलने परत दराचा विषय काढला. तिचा नवरा दोन वर्षांमागे गेला तो गेलाच, मुलगी दहावीला, सगळा संसार त्या एका मशीनवर. म्हणाली, "मावशी, दोऱ्याचे भाव बघा आणि आपला भाव बघा." मी प्रितमला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, मार्केट डाऊन आहे. जास्त ताणलं तर पार्टी दुसरीकडे जाईल." मग मीच बायकांना गप्प केलं. म्हटलं, पोरगा आपल्यासाठी कोणाकोणाच्या दाढ्या धरत असेल, त्याला अडचणीत टाकू नका.

तीन वर्षांमागे दिवाळीत तो तुला मेहकरला बँकेत घेऊन गेला, फोटो काढून घेतला, चार ठिकाणी सह्या घेतल्या म्हणालीस. कशासाठी विचारलं तर हसून म्हणालीस, म्हातारपणाची सोय. आईचं एवढं कोण बघतं आजकाल?

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज गंमत झाली. धोंडिरामच्या टेम्पोत पुढे एक मुलगी बसून आली. गंधाली नाव. केस आखूड, पायात बूट, पण दाराशी येताच बूट काढून हातात घेतले, म्हणाली, आत कुठे ठेवू? मला तिथेच आवडली.

ती अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीत आहे. बायकांच्या हातचा माल कंपनीने जास्त घ्यावा, हे बघण्याचं काम तिला नवीनच मिळालंय. तिच्या ऑफिसात टेबलं पुसणाऱ्या बाईने तिला लाल फासोटी दाखवून म्हटलं, हे शिवणाऱ्यांनी डोकं लावलंय, फडकं खिळ्याला टांगता येतं. म्हणून ती धोंडिरामला विचारत विचारत इथवर आली.

तिने कंपनीचं नाव सांगितलं आणि मला आतून हसूच फुटलं. गया, ही तर प्रितमची कंपनी. आमची फडकी आमच्याच पोराच्या टेबलावर. पण मी ओठ मिटून बसले. त्याची मावशी फडकी शिवते हे त्याने ऑफिसात सांगितलं असेल, नसेल. त्याचा मान तिथे वेगळा, आपण कशाला आधी फोडावं.

गंधालीने सहा जणींचे फोटो काढले, कांदेपोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले. मग विचारलं, "तुमच्या सुगंधच्या मॅडम तुम्हाला भेटतात का हो? आम्हाला कधीच दिसल्या नाहीत. दर वेळी तब्येत बरी नसते म्हणे." मी म्हटलं, आम्हीही नाही पाहिल्या बाई. एकटी बाई एवढा धंदा चालवते आणि वर आजारी. मी तिच्याजवळ गवती चहाची जुडी दिली, म्हटलं, कधी भेटल्या तर द्या, उकळून प्या म्हणावं.

सात मार्चला महिला दिनाचा कार्यक्रम आहे, बायकांच्या हातचा माल पुरवणाऱ्यांचा सत्कार. आम्हा सहा जणींना बोलावणं आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

प्रितमला सांगावं म्हणून दोनदा फोन केला. तो ट्रेनिंगला बंगळुरूला आहे, मीटिंगमध्ये आहे मावशी, म्हणून ठेवून दिला. मग ठरवलं, नाहीच सांगायचं. एकदम समोर उभं राहायचं.

पांढऱ्या साड्या नेसायच्या ठरल्या, निळ्या काठाच्या, जयंतीला घेतलेल्या. शीतल म्हणाली, "पांढऱ्या साडीला फडक्यासारखं पुसायला घेतील मावशी तिथे." तिची जीभ तशीच आहे.

७ मार्च, शुक्रवार

साडीही न बदलता लिहायला बसलेय. ओळ वर-खाली जातेय, जाऊ दे.

मेट्रोने गेलो. आठव्या मजल्यावर हॉल. खुर्च्यांनासुद्धा झालरीचे फ्रॉक घातलेले. एकेका बाईचं नाव पुकारत होते, ती वर जायची, शाल, कुंडीतलं रोप, फोटो. कोणी खोकी पुरवणारी, कोणी छपाईवाली. आम्ही मागच्या रांगेत. मी मान वळवून वळवून प्रितमला शोधत होते. तो दिसला खांबाशी, हातात पाण्याची बाटली, कोणाशी तरी बोलत. त्याने मला पाहिलं नव्हतं.

मग माईकवरची बाई म्हणाली, आता सुगंध सप्लायर्स. मी शीतलला कोपर मारलं, आपल्या मॅडम. ती बाई वाचत होती: मूळच्या मेहकर तालुक्यातल्या, स्वतःच्या हिमतीवर व्यवसाय उभा केलेल्या, श्रीमती गयाबाई किसन तायडे.

गया, आबांचं नाव. आबा जाऊन एवढी वर्षं झाली, शाळेच्या पटावरसुद्धा त्यांचं नाव कधी कोणी मोठ्याने घेतलं नसेल, आणि ते त्या झुंबराखाली माईकमधून घुमलं. तुझं लग्न झाल्यापासून तुला कोणी तायडे म्हटलं नाही. तुझी कागदं अजून माहेरच्या नावाने आहेत हे घरातल्या चार माणसांना सोडून कोणाला माहीत आहे? माझ्या कानांना दडे बसले.

माईकवरची बाई म्हणाली, तब्येतीच्या कारणाने त्या येऊ शकल्या नाहीत. आणि तबकातली उचललेली शाल त्यांनी परत घडी घालून ठेवायला घेतली.

आपल्या विहारात असं कधी होतं का, सांग. ज्याचा सत्कार तो आला नाही तर त्याच्या घरचं माणूस उठतं. पोर असलं तरी चालतं, पण पुकारलेली शाल परत तबकात जात नाही. मी उठले. शीतलने पदर ओढला. मी म्हटलं, सोड गं, माझ्या बहिणीची आहे.

वर गेले. शाल घेतली. माईक समोर होता म्हणून बोलले. काय बोलले ते अजून जसंच्या तसं आठवतंय. म्हटलं, "जय भीम, नमस्कार. गयाबाई माझी सख्खी धाकटी बहीण आहे. तिचा गुडघा धरलाय म्हणून आली नसेल. तिने एवढं उभं केलं हे मलासुद्धा आजच कळलं, तिला मी बघून घेते. पण तिचा मुलगा इथंच आहे, तुमच्याच ऑफिसात. ये रे प्रितम, आईची शाल आहे, तूही हात लाव."

टाळ्या सुरू झाल्या होत्या. पंखा बंद केल्यावर पाती थांबतात तशा थांबल्या. सगळ्या माना खांबाकडे वळल्या. प्रितमच्या हातातली बाटली तशीच धरलेली. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, पोराने सकाळपासून पोटात काही घातलेलं नाही.

पहिल्या रांगेतले मोठे साहेब उठून जवळ आले. फार हळू आवाजात विचारलं, "आजी, प्रितम खिल्लारे तुमच्या बहिणीचा मुलगा? सुगंध सप्लायर्स त्यांच्या आईची?" मी म्हटलं, "आता तुम्हीच तर सांगितलंत माईकवर." त्यांनी गंधालीकडे पाहिलं. गंधालीने खाली पाहिलं.

नंतर जेवण होतं. बायका जेवल्या. मी ताट हातात घेऊन हॉलभर फिरले. प्रितम कुठे दिसला नाही.

घरी येताना मेट्रोत शाल मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात तुझ्यावर असा राग. मी तुझी मोठी बहीण. आपण एका ताटात जेवलो. तू कंपनी काढलीस, माझ्याकडून फडकी शिवून घेतलीस आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस? फोन लावला. राजारामरावांनी उचलला, म्हणाले, झोपली ती. दिवेलागणीला कधीपासून झोपायला लागलीस?

८ मार्च, शनिवार

धोंडिराम आला नाही. गठ्ठे दारात तसेच. फोन केला तर म्हणाला, "मावशी, मला काही विचारू नका, मला प्रितमभाऊ सांगतात तेवढं माहीत."

प्रितमभाऊ सांगतात. मी विचारलं, तुला माल कुठे टाकायचा ते प्रितम सांगतो? त्याने फोन ठेवला.

१० मार्च, सोमवार

गंधाली आली होती. बूट बाहेरच काढले, आणि चहा नको म्हणाली. पोहेही नको. "आज मला तुमच्याकडचं काही घेता येणार नाही आजी, राग मानू नका." घरी आलेलं माणूस पाणीसुद्धा घेत नाही म्हटल्यावर मी भरलेला तांब्या परत आत नेऊन ठेवला.

खाली सतरंजीवर बसली आणि मला समजेल असं सांगितलं. कंपनीत साफसफाईचं सामान कोणाकडून घ्यायचं, ते प्रितम ठरवायचा. तीन जणांकडून भाव मागवायचे, त्यातला एक निवडायचा, माल बरा आहे म्हणून शेरा मारायचा, सगळं त्याच्या हातात. आणि निवडली जायची ती कायम सुगंध. सुगंध म्हणजे तू. म्हणजे तागडीही त्याच्या हातात आणि गिऱ्हाईकही तोच आणि दुकानही त्याच्याच घरचं. तसं चालत नाही, ती म्हणाली. घरचं माणूस माल पुरवत असेल तर आधी सांगावं लागतं आणि स्वतः त्यातून बाजूला व्हावं लागतं. त्याने दर वर्षी सांगितलं, माझं कोणी नाही.

माझं कोणी नाही, असं सांगितलं त्याने. दर वर्षी.

मी म्हटलं, पण पोरी, माल तर आम्ही चांगला दिला. त्यात कोणाचं काय गेलं? ती म्हणाली, माल चांगलाच आहे. मग विचारलं, "आजी, तुम्हाला एका फडक्यामागे किती मिळतात?" मी सांगितलं. मी दोनदा विचारलं तेव्हा तिने कंपनी किती देते ते सांगितलं. चौपट, गया. कापड, टेम्पो सगळं धरलं तरी आम्हाला याच्या दुप्पट सहज सुटलं असतं.

शीतल पाठमोरी मशीनवर बसली होती. तिचं मशीन थांबलं. ती वळली नाही. मला वाटलं होतं ती काहीतरी तिखट बोलेल. ती बोललीच नाही, हे जास्त लागलं.

मीच तिला गप्प केलं होतं ना. मार्केट डाऊन आहे म्हणून.

गंधालीने जाता जाता सांगितलं, प्रितमला घरी बसवलंय, चौकशी चालू आहे. तो म्हणतो, या म्हातारीचा गोंधळ झालाय, त्या गयाबाईशी माझा काही संबंध नाही. एकोणीस तारखेला तुम्हाला येऊन सांगावं लागेल. ती म्हातारी शब्द खाली बघून म्हणाली, त्याच्या तोंडचा म्हणून.

१२ मार्च, बुधवार

प्रितम आला. दाढी वाढलेली. मी आधी जेवायला वाढलं. शिव्या घालायच्या तर भरल्या पोटी घालाव्या. त्याने दोन घास खाल्ले आणि ताट सारलं.

"मावशी, तुला वर जायला कोणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, तुझ्या आईचं नाव पुकारलं. बसून राहू?

म्हणाला, मी सगळं तुमच्यासाठीच केलं. हे कंत्राट कोणालातरी जाणारच होतं. ते मी घराकडे वळवलं, सहा बायकांना काम लागलं, यात चोरी कुठे आहे? मग एकदम आवाज चढला. आमच्या साहेबांचा साडू गाड्या पुरवतो, सगळ्या ऑफिसला माहीत आहे. कोणी विचारतं? तो सूट घालून मीटिंगला येतो, त्याला चहा पाजतात. आपल्यासारख्याने एक फडक्याचं काम घेतलं तर लगेच चौकशी, लगेच वाट लावायची.

ते खोटं नसेल, गया. तो बोलत होता तेव्हा मला त्याचं पटतही होतं. हा पोरगा अकरावीला माझ्याकडे आला तेव्हा कॉलेजातली पोरं आडनाव ऐकून काय काय विचारायची, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मला ते सगळं दिसत होतं. मी विचारलं एवढंच की बाबा, साहेबाच्या साडूने केलं ते तू केलंस, बरं. पण आमचा दर का नाही वाढवलास? शीतलचा?

मग म्हणाला, "मुलुंडच्या फ्लॅटचे हप्ते कोण भरणार होतं मावशी?"

शीतल. तिच्या शेजारच्या मशीनवरची कमल. मी. आम्हीच भरत होतो की.

मग तो खाली येऊन माझ्या पायाशी बसला, लहानपणी सुई ओवून द्यायला बसायचा तसा. म्हणाला, एकोणीसला फक्त एवढंच सांग. स्टेजवर नाव ऐकलं आणि गडबडले, वय झालंय, ती गयाबाई दुसरीच कोणीतरी. कागदावर आई तायडे आहे, मी खिल्लारे. जोडणारी तू एकटी आहेस. तुझ्या वयाला कोणी काही बोलणार नाही. मी परत कामावर लागलो की तुमचा दर दुप्पट, शब्द देतो.

मी म्हटलं, म्हणजे गया माझी कोणी नाही असं म्हणू?

"एक दिवस म्हण ना मावशी. आईला काही वाटणार नाही. तिला सगळं माहीत आहे, तिनेच सह्या केल्यात."

तिला सगळं माहीत आहे. किती सहज म्हणाला. खरं सांगत होता की मला गप्प करायला म्हणाला, कळेना मला. एवढ्या वर्षांत या पोराच्या चेहऱ्यावरचं मला कळलं नाही असं पहिल्यांदा झालं. की आजवर कळतंय असं नुसतं वाटत होतं?

१५ मार्च, शनिवार

तुझ्या सुनेचा, प्रितमच्या संघमित्राचा फोन. रडत होती. नवऱ्याने काय केलं हे तिलाही आत्ताच कळलं म्हणते. तिने काही मागितलं नाही. मी तरी तिला काय देणार होते.

बायकांना बसवून मी सगळं सांगितलं, प्रितमचा निरोपसुद्धा. दुप्पट दराचा. हे त्यांच्यापासून लपवलं तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला? कमल म्हणाली, म्हणून टाका मावशी, आपल्याला काम पाहिजे. तिघी तिच्या बाजूने झाल्या. मी शीतलकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला विचारू नका. मी आजवर बोलले तेव्हा तुम्ही गप्प केलंत, आता तुमचं तुम्ही ठरवा."

खरंच होतं ते.

तुला चार वेळा फोन केला. चारही वेळा राजारामराव. ती शेतात, ती नदीवर, ती झोपली. शेवटी म्हणाले, "आक्का, तुम्ही फोन करत जाऊ नका काही दिवस, प्रितमने सांगितलंय." मी एवढंच विचारलं, गयाने सांगितलंय का? त्यांनी खोकला काढला.

१९ मार्च, बुधवार

गया, आजचं तुझ्यासाठीच लिहितेय, आणि हे तू वाचणार आहेस. मागची पानंही फाडून सोबत घालतेय, तुझ्यावर रागावले ते पानसुद्धा. वहीला आता मधे खिंडार पडलंय. पडू दे.

आज गेले होते. शीतल सोबत आली. न बोलता मेट्रोत माझ्या शेजारी बसली आणि तिथे पोचल्यावर दाराबाहेर बसून राहिली. आत मोठे साहेब, आणखी एकजण आणि गंधाली. प्रितमही होता, टेबलाच्या त्या टोकाला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडे बघत होता.

साहेबांनी विचारलं, त्या दिवशी तुमचा काही गोंधळ झाला होता का? वय, गर्दी, तसं काही? शब्द कसे अगदी प्रितमचेच. ते मला वाट काढून देत होते की त्याला, काय माहीत.

मी प्रितमकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनी हो म्हण असं सांगितलं. खरं सांगते, हो तोंडात आलं होतं. म्हटलं, म्हणून टाकावं, पोराची नोकरी राहील, बायकांचं काम राहील, एका म्हाताऱ्या बाईला वेड लागलं असं म्हणाले तर काय बिघडतं?

पण मग पुढचं वाक्य म्हणावं लागणार होतं. गयाबाई माझी कोणी नाही. ते काही जिभेवर येईना. तू तापाने फणफणली होतीस तेव्हा मी तुला पाठुंगळी घेऊन मेहकरच्या दवाखान्यात नेलं होतं, चिखलातून. ती बाई माझी कोणी नाही? कोणाच्या नोकरीसाठी म्हणू हे, गया?

मी म्हटलं, "गोंधळ नव्हता. गयाबाई किसन तायडे माझी सख्खी बहीण. प्रितम तिचा मोठा मुलगा. आमचा बाप एकच."

प्रितमने डोळे मिटून घेतले.

मग म्हणाले, आणखी काही सांगायचंय का? म्हटलं, सांगायचंय. माझा भाचा चुकला. पण तो म्हणतो, इथे आणखीही कोणाचे सोयरे माल देतात, गाड्या देतात. त्यांनाही एकदा स्टेजवर बोलवा, शाल घालायला. त्या दुसऱ्या माणसाच्या हातातलं पेन थांबलं. साहेबांनी पाणी प्यायलं. गंधालीने मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

बायकांच्या कामाचं विचारलं. गंधाली म्हणाली, थेट तुमच्या गटाकडून घेता येईल का, ते मी मांडते, पण आता शब्द देत नाही. बरं म्हटलं. शब्द देणाऱ्यांपेक्षा न देणारी बरी. बाहेर आल्यावर शीतलला सांगितलं. ती म्हणाली, "मग उद्यापासून झाडू मारायला जाते कुठेतरी. मुलीची परीक्षा चालू आहे." आणि माझा हात धरून जिना उतरवला.

आता तुझ्यापाशी येते.

शेवटी साहेबांनी विचारलं, तुमच्या बहिणीला हे सगळं माहीत होतं का? सह्या त्यांच्या आहेत. प्रितम लगेच म्हणाला, आईला पूर्ण कल्पना होती. आणि गया, तुझा मुलगा, ते म्हणताना खिडकीबाहेर बघत होता.

तिला काय कळतंय, गरीब आहे ती बिचारी, असं म्हणायला किती सोपं होतं. पण तू काही न कळणारी नाहीस. तुला बाजारात कोणी फसवलेलं मी पाहिलं नाही. मी म्हटलं, हे तिला विचारल्याशिवाय मी सांगणार नाही. त्यांनी महिनाअखेरपर्यंत वेळ दिलाय.

तर विचारते. तो बँकेत घेऊन गेला तेव्हा तुला काय सांगितलं त्याने? म्हातारपणाची सोय, एवढंच? की तुला माहीत होतं की माझ्या खोलीतली फडकी तुझ्याच नावावर विकली जातात? मी फोनवर दराचं रडगाणं गायचे, तेव्हा तू गप्प व्हायचीस, गुडघ्याचं काढायचीस. ते गुडघ्यानेच का?

माहीत नव्हतं तर तसं लिही, मी ते तिथे नेऊन देते आणि तुझ्या नावावरचा डाग पुसून येते. माहीत होतं, तर तेही लिही. मग मी पुढे काय करायचं ते मला आज ठाऊक नाही. पण मी तुझी बहीण आहे हे मी सगळ्यांसमोर सांगून आले आहे, ते उलटं फिरत नाही.

राजारामरावांना दाखवून लिहू नकोस. प्रितमला विचारून तर मुळीच नाही. तुझ्या हातचं वाकडंतिकडं अक्षर मला पुरे. दोन ओळी असल्या तरी चालतील, पण तुझ्या असू देत. आणि गया, लवकर लिही.

तुझी आक्का,
सोनू